खुराड्यातली फळी

बुधवार, मगरिबच्या नमाजानंतर

ठरलं. खुराड्यात सहाच कोंबड्या ठेवायच्या, बाकीच्या पाच उद्या नागावला नणंदेकडे. लिहून ठेवते, नाहीतर सकाळी पुन्हा मन बदलेल.

आज फार थकले. करडीला बाकीच्यांनी परत टोचलंय, मानेवर एक पीस राहिलेलं नाही. मघाशी ह्यांचा दुबईहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मोबाइल फिरवून खुराडं दाखवलं. म्हटलं, "तुम्हीच बांधलंय, तुम्हीच सांगा, ह्यात अकरा कशा मावतील?" हे आडवे पडूनच बोलत होते, पाठीमागे नेहमीचा तो निळा पडदा होता.

"मावतील की," हे म्हणाले. "मधे एक फळी टाक. सहा वर, पाच खाली. एकही कुणाला देऊ नकोस."

"अहो, पंख पसरायलाही जागा नाही उरणार."

"आम्ही नाही राहत एका खोलीत बाराजण, वर-खाली? सवय होते." आणि लगेच विचारलं, नारळ उतरवले का.

मी म्हटलं, उतरवले.

चार वर्षं सांगतायत, खोली मोठी आहे, आरामात आहे. त्या निळ्या पडद्यामागे खिडकी असेल असं मी धरून चालले होते. पण खिडकीला टेकून कोण आडवं पडून बोलतं? तो वर-खालच्या पलंगाचा पडदा आहे. एवढं कळायला मला चार वर्षं लागली?

फळी टाकणार नाही. उद्या ह्यांनी विचारलं तर सांगेन, अकराच्या अकरा आहेत, आरामात आहेत.