निरोप दिलेली माणसं

९ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि. व प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र बोटीवरून लिहायचं होतं, पण आमच्याच स्वयंपाकघरातून लिहिते आहे. रविवारी ह्यांच्या चर्चच्या मंडळीने आम्हाला निरोप दिला आणि सोमवारी कळलं, की आमची बोट वाटेतल्या कुठल्याशा बंदरात यंत्र मोडून पडली आहे. टपालाची छोटी बोट येते-जाते, पण ती माणसं घेत नाही.

निरोप फार मोठा झाला. सहा वर्षांनी रजेवर घरी जातो आहोत आणि रजा संपली की परत येणार, हे ह्यांनी उपासनेत दोनदा सांगितलं, तरी पाववाला हुंदके देत होता. जोडे शिवणाऱ्याने आम्हा दोघांना जोडे दिले. माझे सैल होतात, पण मी अगदी बरोबर बसतात म्हणाले आणि तेव्हापासून मन खातं आहे.

अडचण अशी, की या मंडळीची एक जुनी रीत आहे. माणसाला निरोप एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा देतात तो कबरस्तानात. म्हणून निरोप दिलेला माणूस परत येईपर्यंत इथे नाहीच असं धरायचं. काल शाळेची शिपाईणबाई समोरून आली आणि माझ्या आरपार बघून निघून गेली. हे म्हणतात, चार दिवसांत विसरतील.

तुझ्या डोळ्याचं काय? एक तर केव्हाच गेला. उरलेल्यातला मोतीबिंदू पिकत चालला, डॉक्टर घाई करताहेत आणि तू हटून बसलीस, की ऑपरेशन बिघडलं तर काय, म्हणून आधी मला बघणार आणि मगच. महिनाअखेर नक्की पोचू असं लिहिणार होते. 'नक्की' खोडला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
काळजीबाई


२० मार्च

चि. सौ. काळजीबाईस,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंना सलाम.

मी सांगते आहे आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहिते आहे, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती.

इथे मिशनच्या कमिटीने तुमच्या स्वागतासाठी हॉल घेऊन ठेवला आहे. बोट बिघडल्याचं मी अध्यक्षांना कळवलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, हॉल पुढे मिळत नाही, तेव्हा स्वागत ठरल्या दिवशीच होईल. पाहुण्यांनी जमेल तसं यावं.

तुला लहानपणी याच टेबलाशी अक्षरं शिकवली. दर अक्षराला तू विचारायचीस, हे चुकलं तर काय होईल. आता मीच ते विचारत बसते. डॉक्टर म्हणतात, फार पिकला तर काढणं अवघड. मी त्यांना शब्द दिला आहे, भाची आली की दुसऱ्या दिवशी खुशाल चिरा. खरं सांगते, खिडकीशी माणूस उभा आहे की पडदा लोंबतो आहे, हे मला आता विचारावं लागतं. शिंपीण प्रत्येक वेळी पडदा म्हणते.

काळजी थोडी आवर, माया आहे तेवढीच असू दे.
आत्या


२ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि. व प्रभूमध्ये सलाम.

रीत कोणीही विसरलेलं नाही. आमच्या जागी आलेले बदली पाळक आमच्याच घरात उतरले आहेत, कारण पाळकाचं घर एकच. निवृत्त, सज्जन गृहस्थ. मंडळीला दुखवायला नको म्हणून तेही रीत पाळतात. जेवताना एकटेच असल्यासारखे बसतात आणि मीठ हवं असलं की भिंतीकडे मागतात. मी सरकवते. ते भिंतीचे आभार मानतात.

रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो. समुद्रावर असलेल्या आमच्या पाळकांना आणि बाईंना लाटांपासून सांभाळ, अशी फार कळकळीची प्रार्थना झाली. माझे पाय कोरड्या फरशीवर, मग आमेन म्हणावं की नाही? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, म्हणून ठेव, पुढे उपयोगी पडेल.

पाववाला रोज सकाळी दाराशी पाव ठेवतो आणि मोठ्याने स्वतःलाच सांगतो, की हा कुत्र्यांसाठी आहे. बरोबर लोणीही असतं. जोड्यांबद्दल खरं सांगायला मी दुकानात गेले, तर जोडेवाला माझ्याकडे न बघता कपाटाला म्हणाला, बाई इथे असत्या तर जोडे नीट बसतात का ते बघितलं असतं. मी मुकाट्याने काढून ठेवले आणि अनवाणी घरी आले. दुसऱ्या दिवशी आत चामड्याचा तुकडा बसवलेले जोडे पायरीवर होते.

आत्या, बोट कधी येईल कोणी सांगत नाही. तू थांबू नकोस. मी थांबू नको म्हटलं आणि ऑपरेशन बिघडलं, तर तुला माझं तोंड दिसायचं राहिलं ते माझ्यामुळे, हे मला जन्मभर पुरेल. तरी लिहिते. थांबू नकोस.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
काळजीबाई


१३ एप्रिल

चि. सौ. काळजीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं स्वागत उत्तम झालं. हॉल भरला होता आणि मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ उचलला, खुर्चीकडे बघितलं, थोडे घुटमळले आणि जवळची नातेवाईक म्हणून मलाच त्या खुर्चीवर बसवलं. जावईबापूंच्या खुर्चीत शिंपीण बसली. मग मला सहा वर्षांच्या कामाबद्दल बोलायला लावलं. तुझ्या पत्रांतलं आठवेल तेवढं सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, की परदेशात राहून तुम्ही फार वाळलात.

डॉक्टर पहिल्या रांगेत होते. चहाच्या वेळी जवळ आले आणि म्हणाले, भाची आली, भाषण झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता दिलेला शब्द पाळा. मी भांडले. अध्यक्षांनी त्यांचीच बाजू घेतली, म्हणाले, कमिटीच्या दृष्टीने त्या आलेल्या आहेत. घरी आले तर तुझं पत्र. तूही त्यांना सामील.

तेव्हा येत्या सोमवारी जाते आहे. मला भीती वाटते. हे मी सांगितलेलं नाही, शिंपिणीने आपल्या मनाने लिहिलं आहे, पण राहू दे. बिघडलंच तर तुझं तोंड हाताने चाचपून बघीन. नाक काही सहा वर्षांत बदलत नाही.

आठवण काढ, रडू नकोस.
आत्या


२४ एप्रिल, बोटीवरून

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि. व प्रभूमध्ये सलाम.

तुझा सोमवार होऊन गेला आणि मला काही कळलेलं नाही.

काल बोट आली. आम्हाला पोचवायला कोणी येणं शक्य नव्हतं. ह्यांनी दार उघडलं तर रस्त्यावर सगळी मंडळी. जो तो आपल्या कामाला निघालेला आणि प्रत्येकाचं काम धक्क्यावर. शिपाईणबाई वारा खायला. पाववाला रिकामी टोपली घेऊन. आमच्या ट्रंका दोघा सुतारभावांनी उचलल्या आणि या बेवारशी ट्रंका कोणाच्या, यावर वाटभर भांडत त्या थेट बोटीत नेऊन ठेवल्या. धक्क्यावर सगळे समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. गायकवृंदाने तालीम म्हणून चारही आवाजांत गीत म्हटलं, गावाकडे तोंड करून. बदली पाळकांनी वखारीच्या भिंतीला हात हलवून निरोप दिला. मी सगळ्या पाठींना हात हलवला. पाववाल्याची पाठ हलत होती.

मी तिथे नीट रडलेही नाही. डोक्यात फक्त तुझी पट्टी आणि पट्टीखाली काय असेल ते. प्रार्थनेला शब्द सुचेनात. शेवटी इतकंच म्हणाले, की एवढे रविवार लाटांपासून आमचं रक्षण मागितलं गेलं आणि आम्ही तर जमिनीवर होतो. ते सगळं शिल्लक असेल, तर आत्याच्या डोळ्याकडे वळव. असं मागायला चालतं का, मला माहीत नाही. तू असं काही शिकवलं नव्हतंस.

कशीही असलीस तरी माझीच राहा.
तुझी,
काळजीबाई


२९ एप्रिल
(वाटेतल्या बंदराच्या पोस्टात, बोट येईपर्यंत ठेवणे.)

चि. सौ. काळजीबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. शिंपीण शेजारी बसून चुका काढते आहे.

पट्टी काल निघाली. आधी डॉक्टर दिसले. आवाजावरून मला ते उंच वाटत होते. मग खिडकी दिसली. तिथे पडदाच होता, आणि इतका मळका, की हा कोणी लावला म्हणून मी विचारलं. शिंपीण म्हणाली, तुम्हीच.

तुमची बोट निघाल्याचं बोटकंपनीकडून कळलं. कमिटीने कळवलं आहे, की तुमचं स्वागत झालेलं असल्यामुळे बंदरावर पुन्हा कोणी येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. मी एकटी येते आहे. गर्दी नसेल, म्हणजे मधे कोणी आडवं येणार नाही. बोटीचा जिना उतरताना नेहमीसारखी धडपडशील, म्हणून सांगते, खाली पायरीकडे बघ. मला शोधत बसू नकोस. बघायचं काम माझं.

आता पत्र पुरे, लवकर ये.
आत्या