आधी दोरी ओढायची होती

मामा, आपल्या मंगल कार्यालयाच्या लॉनवरची गवत कापायची जुनी तिन्ही मशिनं अखेर भंगारात निघाली. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, पण ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, कारण त्यांना तेलपाणी तुम्हीच केलं आणि मला नववीतून शाळा सोडून आल्यावर पाना धरायला त्यांच्यावरच शिकवलं.

झालं असं की मालकांनी दसऱ्याच्या आधी मला बोलावलं. म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर तारखा भरल्यात. भंगाराचे जे येतील त्यात एखादं चांगलं जुनं मशीन बसलं तर आण. न्हाई तर गवताचं काम ठेकेदाराला देऊन टाकतो." ठेकेदार आपली माणसं आणतो, मामा. म्हणजे मी घरी. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना.

शहागडच्या रस्त्यावरचा भंगारवाला दारात येऊन गेला. तिन्ही मशिनांना पायानंच ढकलून म्हणाला, "सगळं मिळून लोखंडाच्या भावात टाका भाऊ, मामला खतम." मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मामी मोडकी भांडी विकायला बसल्या आहेत, आणि तुम्ही फुटलेल्या डीजेच्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून एकेका भांड्यावर फिरवता आहात. "चिटकलं ते लोखंड, न्हाई चिटकलं ते वायलं ठेव. भंगारवाल्याला नुसतं भंगार म्हणायचं न्हाई. जर्मन म्हण, तांबं म्हण, पितळ म्हण. नाव घेतलं की भाव बदलतो." मामी म्हणतात, "माझं बी नाव घेऊन इकून टाका एकदा." तुम्ही चुंबक त्यांच्या बांगड्यांकडे नेता आणि त्या लाटणं उचलतात.

मी तसंच करायचं ठरवलं. विजेवरचं मशीन आधी खोललं. मोटारीतली तांब्याची तार वेगळी काढली, वायरीची साल चाकूनं सोलली. जाळून काढली तर तांबं काळं पडतं आणि भाव उतरतो, हे तुम्हीच सांगितलेलं. जर्मनच्या कव्हरातले लोखंडी स्क्रू एकूणएक उपटले. पोत्यांवर खडूनं नावं लिहिली. जर्मनच्या पोत्यावर 'अॅल्युमिनियम' बरोबर लिहिलंय का, हे दोनदा पाहिलं.

मग पेट्रोलवरचं पहिलं मशीन घेतलं, आणि तिथं घोळ झाला. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच मशिनांना हळदी-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहिली होती. पूजेच्या दिवशी अवजार चालवायचं नसतं, म्हणून मी इंजिन चालू करायची दोरी ओढून पाहिली नाही. पण चालवायचं नाही म्हणजे खोलायचं नाही, हे काही कुणी सांगितलेलं नव्हतं! पेट्रोल आणि तेल डब्यात काढलं, पत्र्याला हात जोडले आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचा नट न् नट वेगळा केला.

पोती घेऊन जालन्याला गेलो. तिथं भट्ट्यांसाठी माल घेणारे आहेत, रस्त्यावरच्यापेक्षा भाव बरा देतात. गोदामातल्या चाचांनी पोती उघडली, पिस्टन उचलून उजेडात धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तर नव्यासारखं दिसून राह्यलं. इंजिन बंद होतं का?"

"पाहिलं न्हाई."

"पाहिलं न्हाई? अरे बाबा, जिता माणूस पोस्टमार्टमला आणला तू!"

हमालसुद्धा हसले. माझे कान तापले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी दोरी ओढ, मंग पाना उचल." शंभर वेळा म्हणाला होतात. तांबं-जर्मनचा भाव चांगला आला, पण मशिनापुरते पैसे काही होईनात.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मशिनापुढे बसलो. खालचा पत्रा सडून हाताला येत होता. प्लग घासला, ताजं पेट्रोल घातलं आणि दोरी ओढली. एक, दोन, तीन... सातव्या ओढीला धूर सोडून ते असं काही सुरू झालं, की मंडपवाल्याची पोरं शिडीवरून ओरडली, "वरात आली का?"

तीर्थपुरीच्या लॉनवर असंच मशीन आहे, पत्रा धड आणि इंजिन मेलेलं. तिथल्या माळ्याला फोन केला, तो दुपारीच आला. दोरी स्वतः ओढून पाहिली आणि अख्खं इंजिन घेऊन गेला. भंगाराच्या कितीतरी पट दिले. सगळे पैसे मिळून एक चांगलं जुनं मशीन आलं, मामा. काल मी त्यावर अर्धं लॉन कापलं. ठेकेदाराचं नाव आता कुणी काढत नाही.

मालक खूश होते. पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हे सगळं तुला कुणी शिकवलं रे?"

मी म्हणालो, "माझं मीच."

नोकरी नुकतीच वाचली होती, तोंडातून निघून गेलं. हे पत्र मामींना नेऊन द्यावं असं सकाळी वाटलं होतं. पण त्या वाचतील, हसतील आणि थेट मालकांना जाऊन सांगतील. म्हणून देत नाही.