माघातला पंचनामा

आबा, आज दुपारी कामावरच्या साहेबांनी मला परत पंच व्हायला सांगितलं. बिझनेस पार्कचा तिसरा टप्पा डोंगराच्या पायथ्याला जाणार आहे, आणि ती जागा वापरात नाही असं दोन गावकऱ्यांनी लिहून द्यायचं आहे. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. वाचता तुम्हाला जिवंतपणीही येत नव्हतं, आता तर तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी लिहितोय.

पहिला पंचनामाही माघातलाच. दिवाळी झाली की तुम्ही गंगथडीला उतरायचात, गोदाकाठच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायचात आणि मिरगाच्या तोंडावर परतायचात. पुढचे चार-पाच महिने गावचं गायरान आपल्या मेंढ्यांचं. त्या वर्षी मी बारावीच्या परीक्षेसाठी मागे राहिलो होतो आणि तलाठ्याला शिकलेला पंच हवा होता. "सध्या इथं कोणी जनावरं चारतं का?" त्याने विचारलं. मी गायरानभर नजर फिरवली. वाळकी कुसळं, दुसरं काही नाही. "कोनीच न्हाई," म्हणालो आणि झोकात सही ठोकली. एक अक्षर खोटं नव्हतं. मिरगात तिथं काय असतं ते त्याने विचारलं नाही, आणि मेंढरांमागे चालून टाचा फुटलेल्या मला ते सांगायचं सुचलं नाही. तलाठ्याने नावापुढे 'राव' लावलं होतं ना, त्यातच मी हुरळलो होतो.

तुम्ही आलात तेव्हा गायरानाला पार्कचं तारेचं कुंपण पडलेलं. मला अजून दिसतं, तुम्ही काठी खांद्यावर आडवी घेऊन कुंपणाच्या कडेकडेने चालताय, कुठे फट सापडेल म्हणून बघताय, मेंढ्या तुमच्यामागे आणि मी मेंढ्यांच्या मागे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तहसीलला गेलात. कारकुनाने कागद वाचून दाखवला. परत आलात तेव्हा आई भाकरी थापत होती. "काय म्हनले?" तिने विचारलं. तुम्ही तांब्याभर पाणी प्यालात. "कागद खरा हाय. आपुन नव्हतोच की हितं." चुलत्यांनी पंचांची नावं विचारली, तर म्हणालात, "न्हाई ध्यानात ऱ्हायली." दोनशे मेंढ्या तोंडावरून ओळखणारा माणूस तुम्ही! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. काठी घातली असती तर बरं झालं असतं, आबा. त्या दसऱ्याला तुम्ही मेंढ्या विकल्या आणि मग फार दिवस काढले नाहीत.

धाकट्याने हट्टाने चाळीस ठेवल्या. तो डोंगराच्या पायथ्याला चारतो. त्याला दुसरी जागा नाही. आता तो गंगथडीला आहे.

पार्क लई वाढलं. आधी पत्र्याची दोन शेडं होती, मग डांबरी रस्ता आला, वजनकाटा, गोदामं, आणि आता काचेची इमारत. पार वडवणीकडची पोरं-पोरी गळ्यात ओळखपत्रं अडकवून तिथे येतात. मीही तिथेच लागलो. खोटं कशाला बोलू, माझं घर त्यावर उभं राहिलं, लेक शिकली. काचेच्या इमारतीपुढे हिरवळ केलीय. ती यंत्राने कापतात आणि कापलेलं गवत ट्रॉलीत भरून टाकून देतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भडभडून आलं. सोबतच्याला डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं.

साहेब तसे बरे आहेत. "आत्ता तिथं कोणी चारत नाही ना?" त्यांनी विचारलं. या वेळी मी सांगितलं, साहेब, माझा भाऊ मिरगाला येईल. ते हसले. "पंचनाम्यात आजचं लिहायचं असतं हो, जूनचं नाही."

संध्याकाळी धाकट्याला फोन लावला. सगळं सांगायचंच ठरवलं होतं. तोच आधी बोलला, "दादा, पायथ्याच्या बंधाऱ्याला पानी हाय का? आमी आलो की मेंढरं तिथंच बसवतो."

"हाय की," मी म्हणालो. "लई पानी हाय."

आणि फोन ठेवून दिला. साहेबांना मी उद्या सही करतो असं सांगून आलोय, आबा. करणार नाही, असं म्हणालो नाही.