तात्यांच्या फोटोत ट्रॅक्टर आला नाही

सांगली,
२२ ऑगस्ट १९९६

ती. शंभूराज दाजी यांना,

कृष्णातचा साष्टांग नमस्कार. आफ्रिकेतलं पाणी तुम्हाला आता मानवलं असेल अशी आशा आहे. (आक्का म्हणते, शांतिसेनेत गेल्यापासून तुमच्या पत्रात डासांचाच मजकूर जास्त असतो.) इकडे सर्व खुशाल. आक्का खुशाल, पोरं खुशाल, तुमच्या म्हशीला रेडी झाली, तीही खुशाल. तुमचे वडील, म्हणजे आमचे तात्या, माझ्याशी बोलत नाहीत, बाकी बरे आहेत. ते का बोलत नाहीत हे पुढे ओघात येईलच. त्यांनी तुम्हाला आधीच काही कळवलं असेल, तर माझी बाजू वाचल्याशिवाय कृपा करून मत बनवू नये.

तर मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलं होतं की येताना दुबईत विमान बदलणार आहे, तेव्हा तुझ्यासाठी कोणता कॅमेरा आणू ते नीट कळव. दिवाळीला मुदत संपते तेव्हाच आलो तर साधा आणतो, आणि आणखी सहा महिने राहायला नाव दिलं तर भारीतला आणतो. दाजी, मेव्हण्याला असा प्रश्न विचारणारा माणूस आमच्या घराण्याला याआधी लाभला नव्हता. पत्र आल्यापासून मी शाळेत फळ्यावर फुलदाणीऐवजी कॅमेरेच काढत होतो. (चित्रकलेच्या मास्तरचं एक बरं असतं, पोरं मुकाट्यानं उतरवून घेतात.)

माझा सध्याचा कॅमेरा तुम्ही पाहिलेलाच आहे. त्यात बघायचं एका भोकातून आणि फोटो येतो दुसऱ्यातून. गेल्या वर्षी आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाच्या प्रदर्शनात मी वाईच्या घाटाचा फोटो लावला. मला दिसताना देऊळ पूर्ण दिसलं होतं, फोटोत शिखर तेवढं आलं नाही. परीक्षकांनी मला बाजूला घेऊन शिखर कधी पडलं म्हणून चौकशी केली. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात असं होत नाही. आत आरसा असतो, त्यामुळे भिंगाला जे दिसतं तेच आपल्या डोळ्याला दिसतं. येत्या मे महिन्यातल्या प्रदर्शनात आपला एक तरी फोटो मधल्या भिंतीवर लागावा, एवढी एकच इच्छा आहे. (मधल्या भिंतीवर ट्यूबलाइट आहे. माझे फोटो आजवर पाण्याच्या पिंपामागे लागत आले आहेत.)

साधा की भारीतला, यावर मंडळात उभे दोन तट पडले आहेत. साध्याच्या बाजूचे म्हणतात, एकच भिंग असावं, उजेड, अंतर, सगळं हातानं जुळवावं, म्हणजे फोटो बिघडला तर कशानं बिघडला ते आपल्याला कळतं. भारीतल्याच्या बाजूचे म्हणतात, तो सगळं आपलं आपण जुळवतो, फोटो बिघडतच नाही, तेव्हा काही कळायची गरजच नाही. मला दोन्ही पटत होतं. आमच्या गल्लीत नानासो म्हणून लग्नाचे फोटो काढणारे आहेत, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "कसलाबी घे, पर फ्लॅश दणकट घे. नवरीची आई खूश झाली पायजे." मी नवरीच्या आईसाठी कॅमेरा घेत नाही हे त्यांना पटवण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी कंटाळून त्यांनी आपला जुना साधा एसएलआर एका रविवारपुरता माझ्या हवाली केला. खरं सांगतो, मनातून तोवर मी भारीतलाच पक्का केला होता. सहा महिने काय, बघता बघता जातात, असंही स्वतःशी म्हटलं होतं.

तो कॅमेरा घेऊन मी तुमच्या गावी गेलो. नवा ट्रॅक्टर तुम्ही गेल्यावर आला, त्यामुळे तुम्हाला तो दाखवायचा हे तात्यांच्या मनात होतंच. कॅमेरा बघितल्याबरोबर त्यांनी ट्रॅक्टर धुवायला लावला, त्याला झेंडूची माळ घातली, स्वतः कोट चढवला, फेटा बांधला आणि चाकाला टेकून उभे राहिले. आता दाजी, या कॅमेऱ्याची मुख्य करामत अशी की भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, तर माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं पुसट होतं. मासिकांत असतात तसे फोटो. मला त्याशिवाय काही सुचेना. मी तात्यांना ट्रॅक्टरपासून चांगलंच पुढे आणलं. ते म्हणाले, का रं? मी म्हटलं, उजेडासाठी. मग फेट्याची सावली डोळ्यांवर पडत होती, म्हणून फेटा काढायला लावला. बोडक्या डोक्यानं फोटो काढायचा का, म्हणून ते बराच वेळ घुटमळले, पण तुमच्याकडे जाणारा फोटो आहे म्हटल्यावर तयार झाले.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन गेलो. तात्यांनी शेजारच्या भाऊसोंपासून सगळ्यांना ओट्यावर बोलावून ठेवलं होतं. मला वाटलं कौतुक होणार. फोटो हातोहात फिरला. तात्या लख्ख आले होते, ट्रॅक्टरच्या जागी मागे नुसता पुसट डाग होता. भाऊसोंनी तो उलटा धरून बघितला, मागची बाजू बघितली आणि शांतपणे विचारलं, "तात्या, टॅक्टर भाड्यानं आणलेला व्हय?" त्यावर तात्यांचा जो आवाज चढला तो शेवटच्या आळीपर्यंत गेला असावा. "आरं, पोराला टॅक्टर दावायचा व्हता! माझं थोबाड काय त्यानं बघितलं न्हाई?" वर बोडक्या डोक्याचा फोटो काढून मी त्यांना सुतकात बसवलं, हा वेगळाच गुन्हा. मी कलेविषयी दोन शब्द बोललो. ते बोलायला नको होते.

भरपाई म्हणून मी नानासोंच्या पाया पडून कॅमेरा पुन्हा आणला. या खेपेला भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं, म्हणजे जवळचं, लांबचं, सगळं स्वच्छ. फेटा, कोट, चाक, माळ, मागचा ऊस, आक्का, रेडी, सगळं एका फोटोत बसवलं. धुऊन आल्यावर कळलं की स्टिअरिंगवर भाऊसोही बसले होते, आणि तेही स्वच्छ आले होते. मी सगळीकडे बघत होतो, त्यामुळे नेमके तेवढे नजरेतून सुटले. तात्यांचं म्हणणं असं की आफ्रिकेत आता सगळी पलटण ट्रॅक्टर भाऊसोंचा समजणार. तेव्हापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले आहेत.

एवढ्या अभ्यासानंतर माझं मत असं बनलं आहे की आपण साधाच घ्यावा. काळ्या रंगाचा, एकाच भिंगाचा, सगळं हातानं जुळवायचा. भारीतल्याची मला गरज नाही. तुमचाही जास्त विचार करण्यात वेळ जाऊ नये. वडीलधाऱ्यांकडून काही उणंदुणं कानावर आलं तर ते माझ्या वयावर सोडून द्यावं.

आपला धाकटा मेव्हणा,
कृष्णात

ता. क. सोबत ट्रॅक्टरचा फोटो जोडला आहे. स्टिअरिंगवरचा माणूस आपला ड्रायव्हर नाही, हे तात्यांच्या आज्ञेवरून (आक्कामार्फत) कळवतो.

ता. क. २. पहिला फोटोही पाकिटात घातला आहे, तात्यांच्या नकळत. आक्कानं तो हातात घेतला आणि दारात उजेडाला नेऊन बघितला. मग म्हणाली, "ह्यो नगं धाडू. बघितला तर त्यांचं तिथं मन लागायचं न्हाई." म्हणूनच धाडतो आहे. आम्ही तात्यांना एरवी फेट्यातच बघतो, त्यामुळे लक्षात आलं नव्हतं. कोट तोच आहे, पण आत माणूस किती थोडा राहिलाय बघा. साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले आजार काही नाही, वय झालंय. तरी फोटो बघून मला भीती वाटली, दाजी. तात्या तुम्हाला कधी ये म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो. सहा महिन्यांसाठी नाव देऊ नका. दिवाळीला या. आणि दुबईत दुकान बंद असलं, तर ते उघडायची वाट बघत थांबू नका.