आईचा रंग

डरहॅम,
४ फेब्रुवारी १९९९

प्रिय व्हर्लीनताई, सप्रेम नमस्कार वि. वि.

फेब्रुवारी उजाडला, म्हणजे अमेरिकेनं आपल्या काळ्या लोकांची आठवण काढायचा महिना! म्युझियमला माझीही आठवण झाली. वीस तारखेला माझ्या फोटोंवर माझंच भाषण ठेवलंय. पण पोस्टरवर आईचा तो चर्चच्या पायरीवरचा, हॅटमधला फोटो छापलाय आणि तिला पार निमगोरी करून टाकलीय गं! तिथल्या प्रुइटबाई म्हणतात, चेहऱ्यातले बारकावे दिसावेत म्हणून जरा उजळ केला. डोंबलाचे बारकावे! एकाहत्तर साली अकरा प्रिंट फाडले, तेव्हा कुठे आईचा काळा रंग कागदावर उतरला होता. तिचा एवढा आवडता फोटो! मूळ प्रिंट लावा, नाहीतर मी येत नाही, असं सुनावून आलोय.

तुझ्या रागाला अजून भिणारा,
थॅडियस

रिचमंड,
९ फेब्रुवारी

चि. थॅडियस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. पासष्टी उलटली, तरी डोकं तापलेलंच. भाषण मोडू नकोस. आमच्या चर्चची बस ठरलीय, मी नवी हॅट घेतलीय.

भांडायचं तर भांड, पण आईच्या नावानं नको. तिला तो फोटो कधीच आवडला नव्हता. तू पाठवलेलं पाकीट उघडलं आणि म्हणाली, पोरानं माझा कोळसा केला, जरा उजळ काढायला काय झालं होतं? खणात टेबलक्लॉथांच्या खाली सारला, तो मरेपर्यंत बाहेर काढला नाही. तू फोनवर विचारायचास आणि मी म्हणायचे, फार आवडला, सगळ्यांना दाखवते. तुझं मन मोडवेना रे.

रागावलास तरी वेळेवर जेव.
तुझी ताई

डरहॅम,
२२ फेब्रुवारी

ताई, सप्रेम नमस्कार.

बर्फानं तुमची बस अडवली ते बरंच झालं. चार दिवस तुझ्यावर धुमसत होतो. अगं, आई असताना सांगितलं असतंस, तर तिच्याशी भांडलो तरी असतो! समोर बसवून म्हटलं असतं, मला तू अशीच सुंदर दिसतेस. आता कुणाला सांगू?

त्यांनी मूळ प्रिंट लावला. म्युझियमची खरडपट्टी काढायची म्हणून उभा राहिलो, पण नुसतं कॅमेरा आणि कागदाबद्दलच बोलत राहिलो. शेवटी मागच्या रांगेतून एक नर्स उठली. विशीतली, ड्यूटीवरून तशीच आलेली, रंगानं थेट आपली आई. तिनं विचारलं, तुमच्या आईला हा फोटो आवडला होता का?

मी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि अठ्ठावीस वर्षं तू मला जे सांगत आलीस, तेच तिला सांगितलं. फार आवडला, सगळ्यांना दाखवायची.

राग अजून गेलेला नाही. तरी माया आहे तशीच ठेव.
थॅडियस