सत्तेचाळिसावा पट्टा

प्रिय सूनबाई,

तू दिलेल्या लोकरीच्या मोज्यांना अंगठ्यापाशी भोक पडलं, यावरून समज मला घर सोडून किती दिवस झाले ते. तब्येत ठणठणीत आहे. पहिल्या आठवड्यात पोटातलं सगळं समुद्राला दान केलं, आता जहाज हललं नाही तरच झोप येत नाही. आमचा आचारी भला माणूस आहे, पण मिठाशी त्याचं काय वैर आहे कोण जाणे. आमच्या जोडीचं जहाज काल इंधन आणि भाजीपाला घेऊन आलं, अजून शेजारीच उभं आहे, दुपारी दोनला परत निघेल. त्याच्या तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, हातात हे पत्र द्यायचं म्हणून सकाळपासून बसलोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर लाटांना बोल लाव, मला नको. फोन आहे इथे, पण आठवड्याला दहा मिनिटं, तीही मागे चार जण ताटकळत उभे असताना. मला जे सांगायचंय ते कुणाच्या खोकण्याआड सांगता येण्यासारखं नाही.

आधी चिंगीसाठी लिहितो, तिला वाचून दाखव. चिंगे, तुझा आजोबा इथे मासा पाळतो. पिवळाधमक, लोखंडी, आपल्या पलंगाएवढा लांब. जहाजाच्या शेपटाला दहा किलोमीटर केबल बांधून आम्ही त्याला समुद्राच्या तळाजवळ ओढत नेतो. खाली मिट्ट अंधार, डोळ्यांचं काम नाही, म्हणून मासा हाका मारतो आणि परत येणाऱ्या आवाजावरून तळाचं चित्र काढतो. फरशी पुसताना तुझी आई कशी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पट्ट्यापट्ट्यानं पुसते, तसेच आम्ही पट्टे काढतो. एकेक पट्टा दोन-दोन दिवसांचा. एवढी लांब शेपूट घेऊन वळायचं म्हणजे एका वळणालाच बारा तास. आणि तुझा आजोबा विंचवर, म्हणजे केबलच्या रहाटावर. समोर डोंगर आला की केबल गुंडाळून मासा वर घ्यायचा, डोंगर सरला की खाली सोडायचा. पतंगासारखंच, फक्त आभाळ पायाखाली.

बाकीचं तुझ्यासाठी, सूनबाई. चिंगी झोपली किंवा खेळायला गेली की वाच.

मी कोण आहे ते इथे कुणाला माहीत नव्हतं. आपलं आडनाव दहा घरांमागे एका दारावर सापडतं, आणि गोदीत चाळीस वर्षं मला 'उस्ताद' सोडून कुणी दुसरी हाक मारली नाही. सातवी नापास माणूस, भंगारात टाकलेली यंत्रांची पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत शिकलेला. ठेकेदाराला विंचवरचा जुना हात हवा होता, त्यानं पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हरवलेल्या विमानाच्या कॅप्टनचा बाप म्हणून कुणी मला जहाजावर घेतलं असतं का?

त्यामुळे जेवणाच्या टेबलावर लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. आचाऱ्याचं म्हणणं, विमान कुठल्या तरी बेटावर उतरवून ठेवलंय. इंजिनवाला म्हणतो, मालाच्या कप्प्यात काहीतरी होतं, ते पेटलं. एकदा तो नवा वीजतंत्री म्हणाला, "अहो, सरळ आहे. कॅप्टनचं बायकोशी वाजलं होतं. पेपरात आलंय. त्यानंच घातलं पाण्यात." आचारी म्हणाला, "बायकोशी भांडून विमान पाडायचं तर आकाशात एक तरी उडेल का रे?" सगळे हसले. मीही हसलो, सूनबाई. ताटात बघत हसलो. तू घरी दारं लावून बसलीस, चिंगीच्या शेजारचा बाक वर्गात रिकामा पडला, आणि मी इथे त्या विनोदाला हसलो.

तुला सांगितलं होतं ना, आपल्या ढब्बूला विमानाची भीती वाटायची? लहानपणी आवाज आला की टेबलाखाली. मी त्याला धावपट्टीच्या कुंपणापाशी नेऊन उभा केला होता, कानावर माझे दोन्ही हात धरून. त्या दिवसानंतर खूळच लागलं. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "भीती घालवायला सांगितली होती, पोरगं नाही." मोठेपणी चार पट्ट्यांचा कोट घालून आला तरी घरात ढब्बूच. आल्या आल्या बाह्या सरसावून काहीतरी दुरुस्त करायचा.

शेवटच्या रविवारी आला तेव्हा मोरीचा नळ दुरुस्त करत होता. पाना हातात धरून बराच वेळ नुसता बसला. मग म्हणाला, "बाबा, दमलो हो मी." मी काय म्हणालो असेन? "नळाचा आटा बसवून दमलास? तुझ्या वयात मी क्रेन उचलत होतो." तो हसला, नळ पूर्ण केला, चहा न घेता गेला. बुधवारी विमान गेलं. चौकशीला आलेल्या माणसांनी विचारलं, शेवटचा भेटला तेव्हा कसा होता? मी म्हणालो, खुशीत. तुलाही तेच सांगितलं. 'दमलो' हा शब्द मी कुणालाच सांगितला नाही. तो शब्द मी बरोबर घेऊन जहाजावर चढलो.

आता मुद्द्याचं. सत्तेचाळिसावा पट्टा, दुसरा दिवस, दुपारच्या जेवणानंतरची वेळ. पडद्यासमोर आमची नकाशावाली बाई बसते, तिला डोकेदुखीची गोळी आणायची होती. म्हणाली, "उस्ताद, पाच मिनिटं इकडे डोळा ठेवा." माझ्या विंचच्या खोलीतही तसाच एक छोटा पडदा आहे, मी तिथूनच बघत होतो. चित्र वरून खाली सरकत असतं, पिवळा गाळ, पिवळा गाळ, मधूनच एखादा दगड. आणि एकदम उजव्या कडेला एक ठिपका चमकला. त्याच्यामागे सावली पडली होती. सावली सरळ होती. सूनबाई, इतकी वर्षं पाण्याकाठी काढली, समुद्राला पट्टी धरून रेघ मारताना मी पाहिलेलं नाही. त्याच्या मागून दुसरा ठिपका आला. आणि माझा हात दांड्यावर गेला. मी मासा वर घेतला.

डोंगर नव्हता. समोर काही नव्हतं. बाई परत आली तोवर चित्र पुसट झालं होतं. मी म्हणालो, "कडा दिसला, वर घेतला." आमच्याकडे नियम आहे, मासा ठरल्या उंचीच्या वर गेला की तेवढा तुकडा 'न पाहिलेला' लिहायचा आणि परत जायचं. अपवाद एकच, खडकाळ कडा असेल तर 'खडक' लिहून सोडून देतात, कारण तिथे मासा फुटतो. नोंद विंचवाल्याची. मी 'खडक' लिहिलं. माझ्या हातावर या लोकांचा इतका विश्वास की कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. अर्ध्या तासाचा तुकडा, अडीच किलोमीटर. नकाशावर तो आता बाकीच्यासारखाच हिरवा रंगवलाय, म्हणजे पाहिला, काही नाही.

मी स्वतःला काय काय समजावलं ते तुला सांगतो. जुनं बुडालेलं जहाज असेल. कुणाचा तरी पडलेला कंटेनर असेल. मग समजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. विमान सापडत नाही तोवर आग लागली असेल, यंत्र बिघडलं असेल, काहीही असेल. सापडलं तर त्यातली आवाज नोंदणारी पेटी निघेल, आणि पेटीला लाजलज्जा नसते. चिंगीला उद्या शाळेत 'कदाचित' तरी म्हणता येतं. म्हटलं, लेकराकडून 'कदाचित' तरी काढून घेऊ नये.

पण खरं हे नव्हे. मी इथे यायला निघालो तेव्हा शेजाऱ्यांना, पत्रकारांना, त्या चौकशीवाल्यांना छातीठोकपणे सांगत होतो की माझा मुलगा असं करणार नाही. ज्याचा तसा विश्वास असतो तो मासा खाली सोडतो, सूनबाई. वर घेत नाही. जीभ एक सांगत होती आणि हातानं दुसरंच सांगितलं. जगानं ढब्बूवर संशय घेतला, त्यांना तो माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि मीही घेतला. तू मात्र घेतला नाहीस. बंदरावर मला सोडायला आलीस तेव्हा माझ्या पिशवीची चेन लावत म्हणालीस, "बाबा, बरं-वाईट निवडत बसू नका. जे असेल ते आणा." मी निवडलं.

चौदा पट्टे होऊन गेले त्याला. आम्ही आता एकसष्टाव्यावर आहोत आणि वरून निरोप आलाय, सत्तरीला शोध बंद. काल जोडीच्या जहाजातून टपाल आलं. त्यात प्रवाशांच्या घरच्यांचं एक पत्र होतं, जहाजावरच्या सगळ्यांसाठी म्हणून. आचाऱ्यानं जेवताना मोठ्यानं वाचलं. एका आईनं लिहिलं होतं: दाराचं कुलूप बिघडलंय, किल्ली फिरवताना अडकते, पण आम्ही बदलत नाही, कारण एक किल्ली मुलीच्या पर्समध्ये आहे. आम्हाला नुसतं ठिकाण सांगा, म्हणजे कुलूप बदलू. संपूर्ण पत्रात कॅप्टनबद्दल एक अक्षर नव्हतं. बेटवाल्या आचाऱ्यानं पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं. वीजतंत्री उठून बाहेर गेला. मी घास तोंडात धरून बसलो होतो. दोनशे घरांची कुलुपं मी एका मुठीत धरली होती, माझ्या एका ढब्बूला झाकायला.

आणि त्याच टपालात तुझा लिफाफा. त्यात चिंगीची चिठ्ठी. "आजोबा, बाबा सापडले की आधी मला सांगा. टीव्हीला नको." 'आधी'खाली दोन रेघा.

म्हणून हे पत्र, सूनबाई. आज सकाळी शोधप्रमुखासमोर उभं राहून मी सगळं सांगितलं: खडक नव्हता, आणि मी कुणाचा बाप आहे तेही. त्यानं सत्तेचाळिसाव्या पट्ट्याची नोंद उघडून पाहिली. मग म्हणाला, "उस्ताद, चाव्या ठेवा." ठेवल्या. विंचवर आता दुसरा माणूस आहे आणि मी आचाऱ्याकडे बटाटे सोलतो. 'दमलो' हा शब्दही लिहून दिला, चौकशीवाल्यांसाठी. आणि तुझ्यापासून लपवला याची माफी तुझ्याकडे मागतो, त्यांच्याकडे नाही. हातातला पट्टा संपवून, वळून, त्या जागेवर पोचायला जहाजाला पाच दिवस लागतील. तांडेल म्हणतो, चौथ्या दिवशी तो स्वतः तुझ्या दारात येऊन पत्र देईल. म्हणजे तुझ्या हाती एक दिवस आहे. खाली काय आहे ते मला माहीत नाही. ढब्बूनं काय केलं, काय नाही, तेही माहीत नाही. पण चिंगीला जवळ घे, तिच्या कानांवर तुझे दोन्ही हात ठेव, आवाज मोठा येणार आहे, आणि तिला सांग की आजोबांनी मासा खाली सोडायला सांगितलाय. टीव्हीच्या आधी.

तुझेच, चुकलेले पण आता न हसणारे,
बाबा