नावावरचे तास

४ जानेवारी

ती. दादांस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

घरी सर्व ठीक. दुकानात गणवेशांचे काम आले आहे, काजे करून बोटे आखडली आहेत. ही तुम्हाला नमस्कार सांगते.

बारकीला तुमच्या हाताखाली छोट्या विमानाचा परवाना मिळाला, त्या दिवशी मी देवापुढे बराच वेळ बसलो. काय मागावे सुचेना, मग नुसताच बसलो. आता तिने नवे काढले आहे. प्रवासी विमानाची वैमानिक व्हायचे तर आधी मोठी थिअरी असते म्हणे. हवामान, इंजिने, दिशा शोधणे, कायदे, सगळ्यांच्या वेगळ्या परीक्षा. वर्ग जूनमध्ये सुरू होतो आणि बारकी लगेच बसायचे म्हणते.

मी तिला म्हणालो, दादांना विचारल्याशिवाय या घरात पडदासुद्धा बदललेला नाही. तेव्हा थिअरीला बसण्याआधी उडण्याचा किती अनुभव हाती असावा, ते तुम्हीच सांगा. मला विमानातले एवढेच कळते की वर गेलेले सुखरूप खाली यावे.

उत्तर सवडीने द्यावे, पण द्यावे. लोभ आहेच, तो तसाच राहावा.

आपला धाकटा

---

१५ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसलो. पन्नाशीला आलास तरी तुझी भीती अजून चड्डीतच आहे.

थिअरीची घाई नको. ढगात डोकं न घालता ढगांची नावं पाठ करून काय मिळतं? नुसता परवाना म्हणजे सायकलवर तोल सावरता येणं. चांगले तीनशे तास होऊ देत, मग पुस्तक आपोआप समजेल. तिला माझ्याकडे राहायला पाठव. आमच्या फ्लाइंग क्लबच्या कचेरीत काम करील, त्या बदल्यात विमान मिळेल, आणि बाजूच्या सीटवर मी असेनच. माझ्या हातचं खाऊन आणखी बारीक झाली तर नाव सार्थ होईल.

पोरीचा हात चांगला आहे. तिला पहिल्यांदा एकटीला सोडलं तेव्हा मी इंजिन चालू असतानाच उतरलो, दारावर थाप मारली आणि बाजूला झालो. माझं वजन कमी झाल्यावर विमान असं टुणकन वर गेलं की मला जरा अपमानच वाटला.

माझी तब्येत खणखणीत. डॉक्टरांना उद्योग नसतो म्हणून ते तपासत बसतात, एवढंच. तुझ्या बायकोला सांग, माया आहे, पण लोणी लावलेले नमस्कार नकोत.

तुझा दादा

---

२० सप्टेंबर

ती. बाबांस,
बारकीचा सा. नमस्कार.

मी मजेत आहे. सकाळी विमान ढकलत शेडबाहेर काढते, पुढची काच पुसते, टाकीत काडी घालून इंधन बघते, मग कचेरीत बसून लोकांचे फोन घेते. आईला सांगा, काकांचा स्वयंपाक गिळता येतो. चव विचारू नका.

रविवार आमचा. काका सकाळपासून गुणगुणत असतात, दोनदा दाढी करतात. हल्ली ते दुसऱ्या कुणाला शिकवत नाहीत, सगळा वेळ माझा, त्यामुळे मला जरा भारी वाटतं. वर गेल्यावर म्हणतात, तू नुसतं बघ, बघूनच हात तयार होतो. उतरताना वारा बाजूने असला की म्हणतात, थांब, आज मी दाखवतो. इथे वारा बहुतेक बाजूनेच असतो.

माझ्याबरोबर परवाना मिळवलेली ती चष्मेवाली जूनमध्येच थिअरीला बसली. तिने लिहिलंय की वर्गातले अर्धेअधिक जेमतेम उडलेले आहेत. सर म्हणतात, परवाना असावा, नकाशा आणि वारा एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा, तेवढं पुरे. बाकीचे तास थिअरीनंतरही होतात. हे मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चष्मेवाल्यांना पुस्तकच दिसणार. मग जेवलेच नाहीत. बाबा, मी थांबू की जाऊ?

उत्तराची वाट पाहते. माझ्यावर राग नसावा.

तुमची बारकी

---

१ ऑक्टोबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वडील गेले तेव्हा मी एवढासा होतो. दादांनी मला शाळेत घातले, शिवणयंत्र घेऊन दिले, आणि स्वतःचे लग्न करायचे विसरून गेले. त्यांनी माझे वाईट होईल असे कधी सांगितलेले नाही, तुझे कसे सांगतील? वर्ग काही पळून जात नाही. पुढच्या जूनला बस.

आई म्हणते, जाड मोजे पाठवते. मी म्हणालो, वर थंडी असते, खाली नव्हे. तरी पाठवते आहे. देव पाठीशी आहे.

तुझा बाबा

---

११ एप्रिल

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

आधी वाईट बातमी. चष्मेवालीची थिअरी पुरी झाली आणि विमान कंपनीने तिला शिकाऊ तुकडीत घेतलं. या वेळी थिअरी झालेल्यांनाच घेतलं, आणि आता भरती बंद. पुन्हा कधी उघडेल, कुणी सांगत नाही.

दुसरी बातमी लिहायला हात धजत नाही. माझ्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी माझे तास पाहिले, तीनशेच्या वर, आणि थट्टेने म्हणाले की मग आज तुम्हीच मला शिकवा. उतरताना बाजूचा वारा होता. विमान धावपट्टीवरून सरकायला लागलं आणि मला काही म्हणता काही सुचेना. एकदा आपटलं, पुन्हा उडालं, शेवटी त्यांनी विमानाची दांडी हातात घेतली. खाली आल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं की हे तास नक्की कुणी उडवले आहेत. मी सीटवर बसून होते. मांडीवर हात ठेवून. सव्वा वर्ष मी तशीच बसत होते, हे मला तिथे कळलं.

क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, तुला ठाऊक असेल असंच आम्ही धरून चाललो. काका डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेत, मी इथे राहायला यायच्या आधीच. त्यांना एकट्याने उडायला बंदी आहे, शिकवायलाही. परवाना असलेल्या कुणाबरोबर प्रवासी म्हणून तेवढं बसता येतं.

बाबा, मला शिकवायला ते माझ्या बाजूला बसत नव्हते. त्यांना उडता यावं म्हणून मी त्यांच्या बाजूला बसत होते.

मी घरी येते आहे. स्टेशनवर येऊ नका.

बारकी

---

२० एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

बारकी घरी आहे. जेवते, भांडी घासते. तिची आई तुमचे नाव काढत नाही, म्हणून मी दुकानात बसून लिहितो आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याच्या हातावर मी पहिले दोन दिवस हात ठेवतो. पुढे ठेवला तर शिवण माझीच होते, त्याचे फक्त नाव. हे मी तुमच्याकडूनच शिकलो. मला सायकल शिकवताना तुम्ही मागून धरले आहे असे सांगून केव्हाच सोडले होते, आणि मी पडल्यावर लांब उभे राहून हसत होतात.

दादा, तुम्ही मागितले असते तर मी मुलीला सांगितले असते की दर रविवारी काकांना वर फिरवून आण, त्यांचा जीव त्यात आहे. तिनेही आनंदाने नेले असते. तुम्ही मागितले नाहीत. सल्ला दिलात. आणि मी तो देवाचा शब्द म्हणून पोरीच्या पदरात बांधला.

रोज देवापुढे पहिले नाव तुमचे घेतो. या आठवड्यात ओठांवर येते आणि तिथेच थांबते. ते पुन्हा सुटावे, एवढेच मागतो.

धाकटा

---

२ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझी टोपी इथेच खुंटीवर राहिली आहे. पुसून ठेवली. धाकट्याचं पत्र आलं. तो लहानपणापासून हळवा, सुई टोचली तरी रडायचा.

डोळ्यांचं म्हणशील तर एकच जरा मंद आहे, दुसऱ्याने मला धावपट्टीवरचा उंदीर दिसतो. डॉक्टरांना काय कळतंय? आणि तास काही वाया जात नाहीत, ते तुझ्या नावावर आहेतच. थिअरीला जातेस असं ऐकलं. जा. मी कधी नको म्हटलं होतं?

सध्या रविवारी हवा फार सुंदर असते. वारासुद्धा समोरून असतो. शेडमध्ये विमान नुसतं उभं आहे, काचेवर धूळ बसली आहे. सेक्रेटरीबाई म्हणतात, दुसरं कुणी बघा. दुसऱ्यांबरोबर मजा नाही. एखादा रविवार येशील?

तुझा मोठेकाका

---

१८ जून

ती. मोठेकाकांस,
बारकीचा सा. नमस्कार.

माझे वर्ग सुरू झाले. वसतिगृहाच्या खोलीत दोघी आहोत, खिडकी भिंतीवर उघडते. वर्गात सगळ्यांत जास्त तास माझ्या नावावर आहेत, त्यामुळे मुलं मला आदराने ताई म्हणतात. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. कंपनीची भरती बंदच आहे. ती उघडेल तेव्हा मी तयार असेन किंवा नसेन.

इथल्या क्लबमध्ये मी परत पहिल्यापासून शिकते आहे. परवा शिक्षक इंजिन चालू असतानाच उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा बांधला, दारावर थाप मारली आणि चालू लागले. विमान माझ्या अंदाजाआधी वर गेलं. तुम्हाला अपमान वाटला होता, मला भीती वाटली. मी उजवीकडे पाहिलं, तुम्ही आता दांडी घ्याल म्हणून. तिथे नुसता पट्टा होता.

वारा बाजूने होता. मी विमान उतरवलं. एकदा चाकं टेकून उडाली, दुसऱ्यांदा टेकली ती राहिली.

तुम्हीही मला असंच एकदा सोडलं होतंत. त्या एका दिवसासाठी मी जन्मभर तुमच्या पाया पडेन. टोपी कुणाला तरी देऊन टाका. रविवारी मी येणार नाही.

तुमचा आशीर्वाद हवा आहे, तो नको म्हणायची माझी हिंमत नाही. लोभ असावा. पण यापुढे जमिनीवरून.

बारकी